शेवटच्या बाकावरचा कॅमेरा

अध्यापक महाविद्यालयात शिकलेल्या कोणालाही शेवटच्या बाकाविषयी विचारावे. पुढच्या बाकांवरच्या मुलांशी दोन-तीन दिवसांत थोडीफार ओळख होते, त्यांची भीती कमी होते. शेवटच्या बाकावर निरीक्षण-वही घेऊन बसलेले सर किंवा मॅडम, आणि त्यांच्या शेजारी आपल्याच तुकडीतले दोघे-तिघे सोबती, यांची मात्र भीती शेवटपर्यंत जात नाही. ही मंडळी मान खाली घालून काहीतरी लिहीत असतात. काय लिहितात ते तास संपेपर्यंत कळत नाही, आणि संपल्यावर कळते तेव्हा कळले नसते तर बरे होते असे वाटते.

आमच्या तुकडीच्या वाट्याला पहिल्या वर्षी हा बाक आला नाही. आम्ही २०२० च्या प्रवेशाचे छात्राध्यापक. प्रवेश लांबत गेले आणि अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष सुरुवात झाली ती २०२१ उजाडल्यावर, तीही पडद्यावर. आमचा पहिला सराव पाठ आम्ही कोणी घराच्या माडीवर, कोणी गोठ्याशेजारच्या पडवीत, तर एकीने नेटवर्क मिळावे म्हणून गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीखाली बसून घेतला. समोर काळे चौकोन होते. चौकोनांत नावे होती, चेहरे नव्हते. प्रश्न विचारला की काही क्षण शांतता, मग कोणाच्या तरी घरातला कुकर शिट्टी देई आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळत असू. शेवटचा बाक कोठेच नव्हता. मात्र पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका सतत पेटलेला असे. चित्रण चालू आहे, असा त्याचा अर्थ.

पुढच्या दोन वर्षांत या लाल ठिपक्याने आम्हांला बरेच शिकविले आणि एकदा फार मोठी चूकही करविली. त्या चुकीविषयी लिहिण्याआधी, होऊ घातलेल्या शिक्षकाकडे पाहण्याची साधने आपल्याकडे कशी बदलत गेली, ते थोडे मागे जाऊन पाहणे आम्हांला आवश्यक वाटते. कारण तंत्रज्ञान आणि शिक्षण यांच्याविषयी लिहिताना विद्यार्थ्याने काय पाहावे याचाच विचार बहुधा होतो. शिक्षकाला कोण पाहते, कशातून पाहते आणि कशासाठी पाहते, हा प्रश्न बाजूला राहतो.

पंतोजींच्या शाळेत हा प्रश्नच नव्हता. पंतोजींना कोणी शिकवायला शिकविले नव्हते, आणि ते कसे शिकवितात हे पाहायला कोणी येतही नसे. धूळपाटीवर अक्षर गिरवावे, पुसावे, पुन्हा गिरवावे. चूक झाली तर छडी, आणि चुकीची नोंद अशी कोठेच नाही. धुळीत काढलेले अक्षर हातासरशी नाहीसे होई. धूळपाटीचा हा गुण आम्हांला फार उशिरा लक्षात आला.

गंमत अशी की आधुनिक शिक्षक-प्रशिक्षणाच्या एका धाग्याचा उगमही याच धुळीत सापडतो. मद्रासजवळच्या एगमोर येथील लष्करी अनाथालयाची देखरेख १७८९ पासून अँड्र्यू बेल यांच्याकडे होती. मलबारी मुलांच्या एका शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्यांनी पाहिली आणि आपल्याकडे तसाच प्रयोग केला. शिक्षक तयार होईनात तेव्हा थोडे पुढे गेलेल्या मुलांनी मागच्या मुलांना शिकवावे, ही पद्धत त्यांनी बसविली आणि १७९७ मध्ये लंडनला तिच्यावर पुस्तक छापले. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या बरो रोडवर अशाच धर्तीची शाळा चालविली. पुढे ही पद्धत ‘लँकेस्टर पद्धत’ म्हणून मुंबईस परत आली. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या संस्थेने तीत तयार केलेले शिक्षक १८२६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या गावोगावी धाडले. येथून नेलेली वस्तू विलायती शिक्का मारून येथेच परत येते, तिचे हे एक जुने उदाहरण म्हणता येईल. असो.

‘शिक्षक होण्याआधी शिकवायला शिकणारा’ असा माणूस मराठी प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दिसू लागतो. १८४५ मध्ये मुंबईत नॉर्मल वर्ग उघडला त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, शिक्षकांचे शिक्षक म्हणून फारसे ओळखत नाही. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. सावित्रीबाई फुले यांनी तेव्हाच्या अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल शाळेत शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. आमच्या मनात नेहमी येते की त्यांचा पहिला सराव पाठ कोणी पाहिला असेल? शाळेकडे जाताना त्यांना रस्त्यावर जे सोसावे लागले, ते सर्वांना ठाऊक आहे. वर्गात, फळ्यासमोर, पहिल्या दिवशी त्यांचा आवाज कापला का, हे कोणालाच ठाऊक नाही. तेवढे एकांतपण त्यांना मिळाले, याचे आम्हांला कोण बरे वाटते.

शाळा सरकारच्या झाल्या आणि पाहणारा आला. डिपुटी घोड्यावरून गावात येई, मुलांची परीक्षा घेई आणि जाताना शेरा लिही. शाळेला अनुदान किती मिळायचे ते मुलांच्या निकालावर ठरविण्याची पद्धतही त्या शतकात होती. म्हणजे शिक्षकाची भाकरी आणि मुलाचे वाचन एकाच दोरीला बांधलेले. आजही जुन्या शाळांच्या कपाटात शेरेबुके सापडतात. त्यांतले बरेचसे शेरे शाळा कशी आहे यापेक्षा साहेबांचे आदरातिथ्य कसे झाले याविषयी अधिक सांगतात. तथापि एक गोष्ट नोंदविली पाहिजे. शेरेबुक शाळेच्या कपाटात राही. मास्तरांची नाचक्की झाली तरी ती त्या चार भिंतींत आणि फार तर तालुक्याच्या कचेरीत होई.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकांविषयी फार नेमके म्हटले आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांचे वेतन बरे असावे आणि शक्यतो ते शेतकरी समाजातून घ्यावेत म्हणजे ते लोकांत मिसळतील, असा त्यांचा आग्रह होता. पाहणारा साहेब कोण, यापेक्षा शिकविणारा कोणाच्या शेजारी बसून जेवू शकतो, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. प्रशिक्षणाच्या आमच्या पाठ्यपुस्तकांत हे निवेदन आहे, पण ‘आयोग व समित्या’ या प्रकरणात, पाच गुणांच्या टिपेपुरते.

यानंतर आमच्या विद्येत हर्बार्टची पंचपदी आली. प्रस्तावना, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. जर्मन तत्त्वज्ञाच्या विचाराला त्याच्या अनुयायांनी पायऱ्या पाडल्या आणि त्या पायऱ्या आपल्याकडच्या पाठ टाचणाच्या वहीत जाऊन बसल्या. त्या अजून तेथून पुरत्या उठलेल्या नाहीत. ‘हेतुकथन’ हा शब्द ज्याने फळ्यावर लिहिला नाही असा छात्राध्यापक विरळा. टाचण हेही एक तंत्रज्ञानच होय, असे आम्ही म्हणतो. वर्गात घडणारी गोष्ट आधी कागदावर घडवून दाखवायची, आणि निरीक्षकाने ती कागदाशी ताडून पाहायची. मुलाने अनपेक्षित प्रश्न विचारला तर टाचणात त्याला रकाना नसतो. आमच्या एका सोबत्याला एका मुलीने विचारले होते, “सर, कवी मेल्यावर कवितेला कोण विचारणार?” त्याने तिला ‘खाली बस’ म्हटले, कारण उपयोजनाला चार मिनिटेच उरली होती. त्या पाठाला त्याला चांगले गुण पडले.

आता आम्ही मुख्य वळणाशी येतो. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मअध्यापन सुरू केले. कल्पना साधी होती. नवशिक्याने मोजक्या विद्यार्थ्यांपुढे काही मिनिटांचा छोटा पाठ घ्यावा, एकाच कौशल्यावर लक्ष द्यावे, आणि पाठ संपताच स्वतःचे चित्रण स्वतः पाहावे. दृक्‌फितीचे यंत्र तेव्हा नवेच होते. आपण प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतो की लगेच स्वतःच उत्तर देतो, हे दुसऱ्याने सांगितलेले पटत नाही. डोळ्यांनी पाहिले की पटते. या पद्धतीचे बळ त्यातच होते. चित्रण होते ते शिकणाऱ्यासाठी. पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच माणूस, आणि बाजूला मार्गदर्शक.

भारतात ही पद्धत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पोहोचली आणि सत्तरच्या दशकात रुजली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी. के. पासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर काम केले, त्यांचे पुस्तक १९७६ चे. एनसीईआरटीने तिचा भारतीय आराखडा प्रसृत केला. त्या आराखड्यातले गणित प्रत्येक बी.एड. झालेल्या माणसाला तोंडपाठ असते : अध्यापन सहा मिनिटे, प्रत्याभरण सहा, पुनर्नियोजन बारा, पुनराध्यापन सहा, पुन्हा प्रत्याभरण सहा. एकूण छत्तीस. विद्यार्थी म्हणून सोबतीच बसणार. आणि दृक्‌फितीचे यंत्र?

ते नव्हतेच. आपल्या अध्यापक महाविद्यालयांच्या ऐपतीत ते बसणे शक्य नव्हते, म्हणून आराखड्याने मार्ग काढला. यंत्राच्या जागी शेवटच्या बाकावर दोन सोबती बसविले आणि त्यांच्या हाती निरीक्षण-तक्ता दिला. प्रश्न स्पष्ट होता का, होय की नाही. प्रबलन दिले का, किती वेळा. परिस्थितीशी जुळवून घेण्याची ही रीत आम्ही हिणवीत नाही. किंबहुना मर्यादित साधनांत एवढे निष्ठेने केलेले काम थोडे. पण त्यात एक मोठी गोष्ट गळाली. चित्रण खोटे बोलत नाही, सोबती बोलतो. ‘आज मी तुला आठ देतो, उद्या तू मला आठ दे’ हा करार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सूक्ष्मअध्यापनातला आरसा काढून घेतला आणि आरशाभोवतीची चौकट तेवढी उरली. आमच्या मार्गदर्शक मॅडम स्वतः नव्वदच्या दशकात शिकलेल्या. त्या हसून म्हणत, “आम्ही तर आमचे पाठ कधी पाहिलेच नाहीत हो. आम्ही कसे शिकवतो ते आमच्या मुलांनाच ठाऊक.”

या काळात पडदे आले नाहीत असे नाही. १९७५-७६ च्या ‘साईट’ प्रयोगात उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या गावांतल्या शिक्षकांसाठी विज्ञानाचे प्रशिक्षणही पडद्यावरून झाले. १९८४ हे वर्ष तर या बाबतीत गजबजलेले. पुण्यात बालचित्रवाणी जानेवारीत स्थापन झाली, ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची देशव्यापी वर्ग ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली, आणि निवडक अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक बसविण्याचा ‘क्लास’ प्रकल्पही त्याच वर्षीचा. पुढे २००४ मध्ये एज्युसॅट अंतराळात गेला. या सर्वांविषयी एकत्र एकच म्हणता येते : शिक्षकाने त्यांच्यासमोर बसून पाहायचे होते. पडदा शिक्षकाकडे पाहत नव्हता. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली, कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. आमच्यापैकी अनेकांना लहानपणी मराठी पडद्यावरून शिकवता येते हे तिनेच दाखविले होते. तिच्या बंद होण्यावर जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेले नाही.

पडद्याने शिक्षकाकडे पाहायला सुरुवात केली ती मोबाइल आल्यावर. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि त्याच्या आगेमागे शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट जिल्ह्याजिल्ह्यांत उभे राहिले. त्यांतून खरोखर चांगले काम झाले. दुर्गम वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना पहिल्यांदा सोबती मिळाले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे काम येथेच केले, त्यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे आमच्या तुकडीचे प्रवेश चालू असतानाचे वर्तमान. आम्ही त्या दिवशी एकमेकांना किती निरोप पाठविले असतील याची गणती नाही.

पण याच मोबाइलची दुसरी बाजूही त्याच वर्षांत दिसू लागली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यात असा आदेश निघाला की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासह सेल्फी काढून ती ‘सरल’ प्रणालीवर चढवावी, म्हणजे हजेरीवर लक्ष राहील. जानेवारी २०१७ पासून हे व्हायचे होते. शिक्षकांनी विरोध केला आणि प्रकरण मागे पडले. आदेश गेला, वृत्ती राहिली. कोणताही उपक्रम झाला की छायाचित्र, छायाचित्राशिवाय उपक्रम झालाच नाही. वृक्षारोपणात झाड लावण्याइतकाच वेळ झाड धरून उभे राहण्यात जातो, हे कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे. शेरेबुक आता कपाटात नव्हते. ते खिशात होते आणि रात्री अकरालाही वाजत होते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला एप्रिलपासून व्हॉट्सॲपवर पाठवायला घेतली, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. पण २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरे शंभरात सुमारे पंधराच होती. सोलापुरात नीलमनगर या कामगारवस्तीत एका शाळेच्या शिक्षकांनी त्या वर्षी वेगळेच केले. त्यांनी वस्तीतल्या अडीच-तीनशे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले. अक्षरे, पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. मुले गल्लीतून जाता-येता, अंतर राखून, भिंती वाचीत. फेसबुकवरच्या जागेलाही आपण ‘भिंत’च म्हणत आलो आहोत. तिच्यावरचे लिखाण वाचणारा कोण, किती वेळा आला, हे ती भिंत मोजीत असते. नीलमनगरच्या भिंती मोजीत नव्हत्या. ज्याला येत नाही त्याने दहा वेळा येऊन तोच पाढा वाचला तरी कोणाला कळत नव्हते.

आता आमच्याकडे. ऑनलाइन सूक्ष्मअध्यापनाची आम्ही कितीही थट्टा केली तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. स्टॅनफर्डच्या मंडळींना जे हवे होते आणि आमच्या मॅडमना जे कधी मिळाले नाही, ते आम्हांला मिळाले. लाल ठिपक्याने केलेले चित्रण आम्ही रात्री एकट्याने पाहू शकत होतो. आमच्यापैकी एकाने सहा मिनिटांत तेवीस वेळा ‘बरोबर?’ म्हटले होते, त्याने स्वतः मोजले. एकीला कळले की ती फक्त मुलांच्या नावाच्या चौकोनांना प्रश्न विचारते, मुलींच्या नाही. कोणत्याही निरीक्षण-तक्त्यात हे आले नसते. पन्नासेक वर्षे हरवलेला आरसा साथीने आमच्या हाती आणून दिला होता.

फरक एवढाच की आरसा आमच्या एकट्याच्या हाती नव्हता. चित्रणाचा दुवा तुकडीच्या गटात पडे. तुकडीचे गट तीन होते : प्राचार्य असलेला, प्राचार्य नसलेला, आणि प्राचार्य नसलेल्यातले काही जण नसलेला. पहिल्या गटात एका सूचनेखाली ऐंशी जोडलेले हात येत. तिसऱ्या गटात आमची खरी प्रत्याभरणे होत, आणि ती नेहमी सहा मिनिटांत संपत नसत. तेथे ‘बरोबर?’ हे एकाचे टोपणनाव झाले. तोही हसला. आम्ही सर्व प्रौढ होतो, एकमेकांचे सोबती होतो. चालून गेले.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा पुन्हा उघडल्या आणि दिवाळीनंतर आमची आंतरवासिता एका तालुक्याच्या गावी, आठवीच्या वर्गावर सुरू झाली. अखेर खरी मुले, खरा फळा, खडूची खरी धूळ. ही मुले सहावीत असताना घरी गेली होती आणि आठवीत परत आली होती. मधले दीड वर्ष त्यांच्या वाचनात स्पष्ट दिसत होते. आंतरवासितेच्या अहवालाला प्रत्येक पाठाचे छायाचित्र आणि निवडक पाठांचे चित्रण जोडणे आवश्यक होते. म्हणून एकाने शिकवायचे आणि एकाने शेवटच्या बाकावरून मोबाइल धरायचा, अशी आमची वाटणी झाली. शेवटचा बाक परत आला होता. कॅमेराही होता. स्टॅनफर्ड आणि बडोदे एकाच बाकावर बसले होते.

एका पाठात मागच्या ओळीतला एक मुलगा प्रकट वाचनाला उभा राहिला. जोडाक्षरांशी तो अडू लागला. ‘प्रज्ञा’ शब्दापाशी तीनदा अडला, चौथ्यांदा काहीतरी भलतेच बोलला, आणि वर्ग हसला. आमच्यातली जी शिकवीत होती तिने वर्ग शांत केला, शब्द फोडून सांगितला, मुलाने तो नीट वाचला. टाचणाच्या दृष्टीने प्रसंग उत्तम हाताळला गेला. म्हणूनच तेवढा तुकडा कापून आम्ही गटात टाकला : ‘प्रबलन कौशल्याचा नमुना’. तिसऱ्या गटातून कोणीतरी तो उचलला, शेवटचा नीट वाचलेला भाग गाळला, आणि आपल्या स्टेटसवर लावला. खाली एक हसणारा चेहरा. त्याच्या ओळखीत त्या गावचे लोक होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तुकडा मुलाच्या चुलत भावाच्या मोबाइलवर होता.

मुलगा चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आमच्यापैकी दोघी त्याच्या घरी गेल्या. आई उसाच्या शेतावरून नुकतीच आली होती. तिने बसायला चटई टाकली, पाणी दिले. रागावली नाही, तेच अवघड झाले. म्हणाली, “बाई, वाचतंय तसं ते. रातच्याला वाचतंय. पर दार लावून.” मग थोड्या वेळाने, “त्येचं ते काढून टाका म्हनं मोबाइलातनं. निगतंय का ते?”

निघत नव्हते. स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेले होते, पण ते किती जणांनी उतरवून घेतले होते हे कोण सांगणार? आम्ही गटातून काढले, ज्याने लावले त्याला काढायला लावले, तोही मनापासून शरमला. दुष्टपणा असा कोणीच केला नव्हता. अहवालाला पुरावा हवा होता, सोबत्याला नमुना दाखवायचा होता, एकाला हसू आले होते. मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती घेण्याविषयीचा देशाचा कायदा २०२३ मध्ये झाला. आमचा प्रसंग त्याच्या आधीचा. पण त्या चटईवर बसून ‘तेव्हा कायदा नव्हता’ असे कोणी म्हटले असते असे आम्हांला वाटत नाही.

आम्हांला छळत राहिली ती धूळपाटी. चूक पुसून जाण्याची सोय हा शिकण्याचाच एक भाग आहे, हे पंतोजींना कोणी शिकविले नव्हते आणि आम्हांला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आले नाही. सूक्ष्मअध्यापनात चित्रण नवशिक्या शिक्षकाच्या चुकांचे व्हायचे होते. त्या चुका त्याच्या होत्या, त्याने त्या पाहाव्यात म्हणून. आम्ही कॅमेऱ्याचे तोंड नकळत फिरविले होते. आमच्या कौशल्याचा पुरावा म्हणून आम्ही एका मुलाची अडखळ वापरली.

मुलगा आठवड्याने आला. मागेच बसला. आम्ही त्याला वाचायला सांगितले नाही, आणि तेही चूकच होते की काय, हे आम्हांला अजून कळलेले नाही.

आंतरवासितेच्या शेवटच्या आठवड्यात बहिणाबाई चौधरी यांच्यावर एक पाठ होता. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांच्या ओठी आलेल्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या एकाने वेळोवेळी उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नांनी १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाले. आम्ही वर्गाला एवढेच विचारले, की जिला अक्षर वाचता येत नव्हते तिचे आपण आज अक्षरांत वाचतो आहोत, तर मधल्या माणसाने काय काय सांभाळले असेल? मुले बराच वेळ बोलली. कोणी म्हणाले चाल, कोणी म्हणाले खानदेशी शब्द, एक मुलगी म्हणाली, “तिला विचारून लिहिलं असंल ना पन?”

मग मागच्या ओळीतला तो मुलगा आपण होऊन उभा राहिला आणि त्याने पुस्तकातले वाचले. सावकाश, एका ठिकाणी थांबून, मागे येऊन, पुन्हा. कोणी हसले नाही. त्या दिवशी शेवटच्या बाकावर आमच्यापैकी दोघे बसले होते. मोबाइल पिशवीत होते.

अहवाल तपासताना त्या पाठासमोरचा चित्रणाचा रकाना कोरा दिसला. पुराव्याअभावी दोन गुण कमी झाले.